एकोणीसचा पाढा

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी शेकडो तपास केले. त्यातले बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका रविवारची घटना मात्र अजून जशीच्या तशी लक्षात आहे. माणसांची नावे इथे देत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती कळतील, इतरांना त्यांची गरज नाही.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. ठाण्याच्या हद्दीत एक मोठा जलाशय आहे. पावसाळ्यानंतर तो भरला की पलीकडच्या गावातली माणसे मुंगीएवढी दिसतात. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या मुलांचे खोल पाणी म्हणजे धरणाचे पाणी.

त्या वर्षी एका क्रीडा मंडळाने मुलांची मासेमारी स्पर्धा भरवली. वय दहा ते पंधरा. गळाने मासे पकडायचे. पहिल्या फेऱ्या काठावरून, अंतिम फेरी बोटीतून, जलाशयाच्या मधोमध. पत्रकावर ‘खोल पाण्यातील मासेमारी, कुमार गट’ असे छापले होते. मंडळाचा अर्ज ठाण्यात आला तेव्हा मी वाहतुकीसाठी दोन शिपाई नेमले आणि नेहमीच्या अटी घालून ना हरकत पत्रावर सही केली. लाइफ जॅकेट पुरवावीत, ही एक अट होती. ती कोणत्या मापाची, हे मी विचारले नाही.

परतीच्या पावसाचे दिवस होते. रविवारी सकाळपासूनच वारा चमत्कारिक वाहत होता. अकराच्या सुमाराला नेमलेल्या शिपायाचा फोन आला, “सर, वारा लय सुटला. बोटी परत यायल्यात, पण एक दिसंना.”

मी पोहोचलो तेव्हा पाण्यावर पांढऱ्या लाटा होत्या. धरणात अशा लाटा मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. बाकीच्या बोटी काठाला लागल्या होत्या. तीन मुलांची एक बोट उलटली होती. थोड्या वेळाने एक मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर दोन मुलांना घेऊन आला. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची. दोघेही थंडीने काळेनिळे पडले होते, पण जिवंत होते. तिसरा नव्हता.

तो चौदा वर्षांचा होता. त्याचे वडील ताडकळसच्या बाजूचे, शाळेत शिक्षक. मुलासाठी आणलेला टॉवेल हातात धरून ते काठावर उभे होते. आम्ही बसायला सांगितले तरी बसले नाहीत. ऊन उतरायच्या आत मासेमारांना त्याचा देह बुडालेल्या बाभळींच्या खोडांत सापडला. लाइफ जॅकेट अंगावर नव्हते. ते वेगळे, अर्ध्या किलोमीटरवर तरंगत होते. बंद लावलेलेच होते. जॅकेट मोठ्या माणसाच्या मापाचे होते आणि लाटांत डोक्यावरून निघून गेले होते.

गर्दीत एकच प्रश्न होता, पोरांना घेऊन गेला कोण? तेवढ्यात ज्याने दोघांना तराफ्यावरून आणले तोच मासेमार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पंचेचाळिशीचा, काटक माणूस. त्या धरणावर बापापासून मासेमारी करणारा. उलटलेली बोट त्याचीच होती.

“साहेब, बोट म्या चालवत होतो. दारू पेलो होतो. बोट उलटल्यावर पवत गेलो न् तराफा आणला. गुन्हा माझा हाय.”

त्याच्या सदऱ्याला दारूचा भपकारा येत होता. लोक अंगावर धावले. आम्ही त्याला कसाबसा जीपमध्ये घातला.

ठाण्यात आल्यावर डायरीला नोंद केली. आधी अकस्मात मृत्यू, मग स्पर्धेच्या आयोजकाच्या फिर्यादीवरून बोटवाल्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा. त्याची अंगझडती घेतली आणि वैद्यकीय तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवले. सगळे रीतसर झाले. वरिष्ठांचा फोन आला तेव्हा मी ‘आरोपी अटकेत, कबुली दिली’ असे सांगून मोकळा झालो. पत्रकारांनाही तेच सांगितले.

पण मला चैन पडेना. अटक झालेला माणूस काही ना काही मागतो. पाणी मागतो, घरी फोन करू द्या म्हणतो, वकिलाचे नाव काढतो, निदान रडतो. हा काहीच मागत नव्हता. “सही कुठं करू?” एवढेच विचारत होता.

मी त्याला समोर बसवले.

“वारा कोणत्या अंगानं आला?”

“आधी उगवतीचा होता. सकाळी सातालाच फिरला. असा फिरला की दोन-तीन घंट्यांत धरण उसळतं.”

“एवढं कळत होतं, तर लेकरं घेऊन कामून गेलास?”

मग पुन्हा तेच, “दारू पेलो होतो.”

“कुठं पेलास?”

“घरी.”

“किती?”

तो स्वतःच्या तळहाताकडे पाहत राहिला. “दोन गिलास.”

पिणारा माणूस हिशेब लपवतो, पण असा शोधत बसत नाही. वारा विचारला तर याचे उत्तर तयार होते, दारू विचारली की अडखळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या काठावरचा एक म्हातारा मासेमार ठाण्यात आला. जाळे हरवल्याची तक्रार द्यायची म्हणाला. आमचे जमादार जुने आणि मुरलेले. त्यांनी त्याला चहा पाजला आणि जाळ्याची लांबी-रुंदी विचारली. म्हाताऱ्याने दोनदा वेगवेगळी सांगितली. जमादार त्याला माझ्याकडे घेऊन आले.

“सर, यांचं जाळं काही हरवलं नाही. यांना दुसरंच बोलायचंय.”

म्हातारा दाराकडे बघत म्हणाला, “साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. म्या त्या अंगाला जाळी सोडवायलो होतो. ती बोट माझ्या समोरून गेली. चालवणाराच्या डोक्याला ओढणी बांधली होती.”

“बाई होती?”

“पोरगी होती. आन् मागून तराफा आला, तवा त्यानं आधी तिला आमच्या काठाला उतरवलं. मंग त्या दोन लेकरांना घेऊन गेला. साहेब, त्यो माणूस बोटीवर न्हवताच.”

मी अंगझडतीचा पंचनामा पुन्हा काढला. माझ्याच देखरेखीखाली लिहिलेला होता. सदऱ्याच्या खिशात विड्यांचे एक बंडल, एक काडेपेटी. मुद्देमालातून दोन्ही मागवले. काडी ओढली, ती पहिल्याच फटक्यात पेटली. मुलांबरोबर पाण्यात पडून पोहत काठाला आलेल्या माणसाच्या खिशात ही काडेपेटी होती, आणि आम्ही पाच जणांनी ती पाहून, लिहून, सही करून ठेवली होती.

मग मी रुग्णालयात फोन लावला. तपासणी करणारे डॉक्टर तरुण होते. म्हणाले, “साहेब, मी लिहिलंय अहवालात. वास कपड्यांना येतो, श्वासाला नाही. चाल सरळ, डोळे साफ. तुम्ही बहुतेक पहिलीच ओळ वाचली.”

त्यांचे खरे होते. मी पहिलीच ओळ वाचली होती.

वाचलेली दोन्ही मुले ‘बोट काका चालवत होते’ असे सांगत होती. पुन्हा विचारायचे होते, पण मुलांना ठाण्यात बोलावता येत नाही आणि बोलावूही नये. मी महिला शिपायाला साध्या कपड्यांत बरोबर घेतले आणि परभणीत त्या बारा वर्षांच्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई शेजारी बसली. मी महिला शिपायाला सांगून ठेवले होते, बोट कोण चालवत होतं हे विचारूच नका.

तिने विचारले, “एवढा वेळ पाण्यात काय करत होता गं तुम्ही?”

“पाढे म्हणत होतो,” मुलगी म्हणाली. “झोप येत होती ना. ताई म्हणली झोपायचं नाही, एकोणीसचा पाढा म्हणा. सोपा नको, अवघड म्हणा. चुकलं की पहिल्यापासून.”

“कोण ताई?”

मुलीने आईकडे पाहिले. आईने पदर तोंडाला लावला. मग आईच बोलली.

“त्या बोटवाल्यांनी हात जोडले होते साहेब. म्हणले, माझ्या पोरीचं नाव घेऊ नका. तिनं स्वतःच्या ओढणीनं माझं लेकरू बोटीला बांधलं. ते नसतं केलं तर आज मी इथं अशी बसले असते का? आणि तिलाच तुमच्या हातात कशी देऊ?”

मी ठाण्यात परतलो आणि सरळ कोठडीपाशी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता.

“एकोणीसचा पाढा म्हण.”

त्याला काही कळेना. “मला पाढे येत न्हाईत साहेब. म्या शाळेत न्हाई गेलो.”

“पाण्यात लेकरांकडून म्हणून घेतला ना तू? चुकलं की पहिल्यापासून.”

तो एकदम उठला. गज धरले.

“साहेब, तिला मारू नका. लय धरून ठेवलं तिनं. लय धरून ठेवलं.”

मग त्याने सगळे सांगितले. सकाळी सात वाजता त्याने स्पर्धेच्या व्हॉट्सॲप गटावर आपल्या आवाजात निरोप टाकला होता की वारा फिरलाय, आज बोटी पाण्यात घालू नका, माझी बोट येणार नाही. तेवढे सांगून तो जाळी आवरायला वरच्या अंगाला गेला. इकडे बोट कमी पडली. आयोजक त्याच्या घरी गेला आणि मुलीला म्हणाला, “तुझा बाप हो म्हणलाय, चावी घेऊन चल. एकच फेरी आहे.” मुलगी बारावीत होती, अठरा पूर्ण नव्हती. लहानपणापासून बोट चालवायची. ती गेली.

बापाने लांबून बोट उलटलेली पाहिली. तराफा घेऊन तो वाऱ्याच्या विरुद्ध निघाला, त्यात तास गेला. पोहोचला तेव्हा तिघेच उरले होते. मुलीला पलीकडे उतरवून दोघांना घेऊन तो काठाला लागला. आयोजकाने त्याला तंबूच्या मागे नेले.

“म्हणला, पोरगी कायद्यानं लहान हाय, तिच्या हातून लेकरू गेलं. तिला सुधारगृहात टाकतील, जन्माचं नाव जाईल. तू नाव घे, मी तुला चार दिवसांत सोडवतो. दारूची बाटली त्यानंच दिली साहेब. अंगावर वतून घे म्हणला.”

मुलगी वालूरला मावशीकडे होती. मी महिला शिपायाला आणि जमादारांना घेऊन खासगी गाडीने गेलो. गणवेशातला माणूस आणि निळा दिवा पाहून गल्ली गोळा होते, ते टाळायचे होते. मावशीने सांगितले, दोन दिवस पोटात अन्न नाही. मुलगी आतल्या खोलीत बसली होती. तिच्या दोन्ही तळव्यांची कातडी बोटीच्या कडेने सोलून निघाली होती. त्यावर हळद लावली होती.

मला पाहून ती उभी राहिली आणि म्हणाली, “चला.”

“कुठं?”

“तुमी न्यायला आलात ना? माझ्या पप्पांना सोडा. बोट मीच चालवत होते.”

मी तिला बसायला सांगितले. महिला शिपायाने तिचा जबाब घेतला. ती न अडखळता बोलली, एका ठिकाणी सोडून. ओढणी एकच होती. दोघे लहान होते आणि त्यांचे हात सुटायला लागले होते, म्हणून तिने त्यांना बोटीच्या कडीला बांधले. मोठा मुलगा म्हणाला होता, मी धरतो. तिथे ती थांबली.

आयोजकाला बोलावले तेव्हा तो दोन प्रतिष्ठित माणसे बरोबर घेऊन आला. वाईट माणूस होता असे मी आजही म्हणणार नाही. मुलांना मोबाइलपासून बाजूला काढून पाण्यावर नेण्याची त्याची इच्छा खरी होती. पण पाहुणे आले होते, पालक लांबून आले होते, फेरी रद्द करायला त्याची जीभ रेटली नाही. त्याच्या फोनवर बोटवाल्याचा निरोप नव्हता. गटाचा प्रमुख तोच असल्याने त्याने तो सगळ्यांच्याच फोनवरून पुसला होता.

“असा काही निरोप आलाच नाही,” तो म्हणाला.

पण त्या बारा वर्षांच्या मुलीच्या आईने रविवारी सकाळी तोच निरोप नवऱ्याला पुढे पाठवला होता, ‘लेकराला जाऊ द्यायचं का?’ असे विचारून. नवऱ्याने उत्तर दिले होते, ‘आयोजक आहेत ना तिथं, जाऊ दे.’ दोन्ही फोन पंचांसमक्ष जप्त केले. मी आयोजकासमोर तो आवाज लावला. वाऱ्यात बोलणारा तो माणूस खच्चून सांगत होता, “लेकरं हायती ओ, लेकरं हायती.” आयोजकाने बरोबरच्या दोघांकडे पाहिले. ते खाली बघत होते. मग तो बोलला.

गुन्ह्यात आरोपी बदलला. बोटवाल्याची सुटका व्हावी म्हणून मी न्यायालयात अहवाल दिला. उपविभागीय अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की मुलीलाही बाल न्याय मंडळापुढे उभे करावे, बोट तिच्या हातात होती. मी सरकारी वकिलांचे लेखी मत घेतले, जॅकेटांची मापे जोडली, आणि तिला साक्षीदार ठेवले. त्याच कागदांत मी माझे ना हरकत पत्रही जोडले. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ती मिळायला हवीच होती. खटला बराच काळ चालला. आयोजकाला शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे. आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी मयत मुलाचे वडील ठाण्यात आले. सरळ बसले आणि म्हणाले, “मला त्या मुलीला भेटायचंय. भांडायला नाही.”

मी दोन दिवस विचार केला. मग मुलीला आणि तिच्या बापाला विचारले. मुलगी हो म्हणाली. माझ्याच खोलीत भेट झाली. मुलाचे वडील येण्यापूर्वी मी मुलीला बाजूला घेतले. आजवर मी कितीतरी घरी जाऊन सांगितले होते, ‘जागीच गेले, त्रास झाला नाही.’ बऱ्याचदा ते खोटे असायचे. मी तिला म्हणालो, “बाई, बाप आहे तो. जे ऐकून त्याला बरं वाटेल तेवढंच सांग.”

ती दार ढकलून आत गेली.

मास्तरांनी एकच विचारले. “घाबरला होता का गं तो?”

मी खिडकीकडे पाहिले. माझी खात्री होती की ती नाही म्हणेल.

“हो,” ती म्हणाली. “लय घाबरला होता. रडायला लागला. तुमचं नाव घ्यायला लागला. माझ्याजवळ ओढणी उरली न्हवती, म्हणून मी त्याचा हात धरला. लय वेळ धरला. मग लाट आली, अन् माझाच हात सुटला. त्यानं न्हाई सोडला.”

बोटवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. मास्तर खुर्चीत पुढे झुकले. मला वाटले, आता हा माणूस कोसळेल आणि ते माझ्या माथी येईल.

मग ते म्हणाले, “म्हणजे तो एकटा नव्हता.”

त्यांनी ते पुन्हा, स्वतःशीच म्हटले. मग मुलीचे तळवे पाहायला मागितले. तिने दोन्ही हात पुढे केले. खपल्या धरल्या होत्या. त्यांनी हात लावला नाही, नुसते पाहिले, आणि उठताना तिला म्हणाले, “बारावीची परीक्षा सोडू नकोस.”

या प्रकरणाने मला तपासाबद्दल जे शिकवले ते पुस्तकातही असते: कबुली मिळाली म्हणून खिशातली काडेपेटी पाहायचे विसरू नये, डॉक्टरचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. पण त्या प्रकरणात सगळ्यांनी मायेपोटी किंवा भीतीपोटी खोटे सांगितले होते. बापाने सांगितले, त्या आईने सांगितले, आयोजकानेही सांगितले, आणि मी तर खोटे सांगायचा सल्ला दिला होता. जिच्यासाठी हे सगळे चालले होते, तिने एकदाही खोटे सांगितले नाही.

त्यानंतर माझ्या नोकरीची काही वर्षे उरली होती. ज्या घरी वाईट बातमी घेऊन जावे लागले, तिथे ‘त्रास झाला नाही’ हे वाक्य मी पुन्हा उच्चारले नाही. समोर बसायचो आणि विचारायचो, “तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?” जे माहीत होते ते सांगितले. जे माहीत नव्हते तिथे माहीत नाही म्हणालो, आणि त्यांचे विचारून होईपर्यंत उठलो नाही.